खुकरी

दीवच्या किनाऱ्यावर एका टेकाडावर, काचेच्या पेटीत, खुकरी या युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे. ती पाहून परतल्यावर मी वर्गात कप्तान महेंद्रनाथ मुल्लांची हकीकत सांगितली. नौका बुडत असता त्यांनी आपले जीवरक्षक जाकीट एका खलाशाला दिले आणि स्वतः नौकेवरच राहिले. वर्ग स्तब्ध झाला. मागच्या बाकावरून एक प्रश्न तेवढा आला, "पण सर, ती बुडाली कशी?"

वास्तविक ती बुडवणारी नौका. इंग्लंडात बांधलेली ही फ्रिगेट १९५८ साली आपल्या आरमारात आली, ती पाणबुड्यांच्या शिकारीसाठीच. खुकरी, कृपाण, कुठार अशा या तिघी बहिणी. १९७१ च्या डिसेंबरात दीवच्या नैर्ऋत्येस पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला. कुठार बिघाडामुळे मुंबईतच अडकली होती. तेव्हा ८ तारखेस उरलेल्या दोघीच निघाल्या.

पण सावज शिकाऱ्याहून सरस होते. हंगोर ही पाणबुडी फ्रान्समध्ये बांधलेली, अवघी दोन वर्षांची. तिला दुरूनच चाहूल लागे. आमच्या नौकांवरचे सोनार यंत्र (सोनारकीशी याचे नाते नाही, पाण्यातल्या ध्वनीवरून ते शत्रू हुडकते) जुन्या बनावटीचे, तोकड्या पल्ल्याचे. तो पल्ला वाढावा म्हणून खुकरीवर एका नव्या उपकरणाची चाचणी चालली होती, आणि त्यापायी नौका संथ चालवावी लागे. भर युद्धात, शत्रूच्या टापूत, संथ!

९ डिसेंबरच्या रात्री, नवाच्या आधी, हंगोरचा पहिला पाणतीर न फुटताच गेला. दुसरा खुकरीखाली फुटला. काही मिनिटांत सारे आटोपले. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. वाचलेल्या ६७ जणांना दुसऱ्या दिवशी कचाल या नौकेने उचलून घेतले.

मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले, आणि ते त्यांना शोभणारेच होते. परंतु त्यांच्या मरणाची थोरवी गाताना, त्यांना त्या यंत्रानिशी तिकडे धाडले कसे, हा प्रश्न मीही गिळून टाकला होता. तो त्या पोराने विचारला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर समुद्र काढला, वर नौका, खाली पाणबुडी, आणि कोणाला कोण किती दुरून ऐकू येते ते खडूच्या दोन रेघांनी दाखवले. नौकेची रेघ फारच आखूड निघाली.