दिवा हातात की टेबलावर?

संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो हे बऱ्याच जणांनी विचारलं. एक सोपी रीत सांगतो: सारख्या विषयाची दोन चित्रं शेजारी ठेवा आणि फरक लिहून काढा.

पहिलं चित्र देल्फँ आँजोल्रा (१८५७–१९४५) या फ्रेंच चित्रकाराचं. रात्रीची खोली, टेबलावर शेडचा दिवा, शेजारी एकटीच वाचत बसलेली बाई. अशी चित्रं त्याने पुष्कळ काढली. दुसरं आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं (१८८२–१९६८) 'ग्लो ऑफ होप'. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हे जलरंगचित्र अनेकांना राजा रविवर्म्याचंच वाटतं. यातही बाई एकटी आहे, पण एका हातात दिवा, दुसरा हात ज्योतीच्या आडोशाला. मग पुस्तक धरणार कशात?

आता थोडं फिजिक्स. मेणबत्तीएवढ्या ज्योतीचा उजेड १ मीटरवर साधारण १ लक्स, ३० सेंटीमीटरवर जवळपास ११ लक्स. म्हणजे वाचायचं तर दिवा अगदी जवळ ओढावा लागतो आणि बाकीचं घर अंधारात जातं. घरात दिवा एकच असेल, तर तो कोणाजवळ ठेवायचा हा तेलाचा आणि अधिकाराचाही प्रश्न होतो.

रमाबाई रानडे यांचं १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी लग्न झालं. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतलं, पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपत नव्हतं. हे त्यांनी स्वतः आठवणींत लिहिलंय. पुस्तक १९१० चं. आपल्या महाडातही डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी बायकांशी वेगळं बोलून मुलींना शिकवा, असं सांगितलं होतं.

मात्र एक सांभाळा. चित्रात पुस्तक नाही म्हणून बायका वाचत नव्हत्या, असा निष्कर्ष काढू नका. चित्र म्हणजे जनगणना नव्हे. चित्रकाराला आणि पाहणाऱ्याला काय सुंदर वाटलं, तेवढंच ते सांगतं. प्रत्यक्ष काय घडत होतं, त्यासाठी दुसरं साधन लागतं.

ते साधन महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर अजून आहे. वीज येण्याआधीचे दिवस आठवणाऱ्या आज्यांना विचारा: घरात कंदील किती होते, चिमणी किती? रात्री अभ्यासाला कोण बसायचं? तेव्हा तुम्ही काय करत होता? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा. चित्रं म्युझियममध्ये टिकतील, ही माहिती टिकणार नाही.