दोन्ही विजांवर चालणारी गाडी

डोंबिवलीला सकाळची लोकल पकडणाऱ्याला डोक्यावरच्या तारेत कोणती वीज आहे, याच्याशी देणंघेणं नसतं. गाडी आली की झालं. पण हीच वीज काही वर्षांपूर्वी पूर्ण बदलली, आणि तीही लोकल चालू ठेवून.

३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, १,५०० व्होल्ट डीसीवर. पुढच्या काही वर्षांत ही तार कल्याणमार्गे पुण्याला आणि इगतपुरीला पोहोचली. १९५७ मध्ये मात्र रेल्वेने देशासाठी २५,००० व्होल्ट एसी निवडलं. दाब जास्त असला की तेवढ्याच ताकदीला करंट कमी लागतो. मग तार हलकी चालते, सबस्टेशनंही कमी लागतात. अडचण एकच होती: डीसीची गाडी एसीच्या तारेखाली चालत नाही. म्हणून भुसावळकडून आलेल्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलावं लागे.

मुंबईची सगळी तार एका रात्रीत बदलायची, तर सगळ्या गाड्याही त्याच रात्री बदलायला हव्यात. ते अशक्य होतं. म्हणून आधी गाड्या बदलल्या. नव्वदच्या दशकात कल्याणच्या शेडमध्ये दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ इंजिनं आली, २००७ पासून तशाच लोकल. दोन विजांच्या सीमेवर तारेचा एक तुकडा बिनविजेचा असे. गाडी आपल्या वेगावर तो ओलांडी. अशा गाडीत दोन्हींची यंत्रणा असते, म्हणजे वजन जास्त, खर्चही जास्त. पण त्यामुळेच तार तुकड्यातुकड्याने बदलता आली. जानेवारी २०१४ मध्ये कल्याण ते कुर्ला टर्मिनस, जून २०१५ मध्ये सीएसटीपर्यंत, एप्रिल २०१६ मध्ये हार्बर.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचीही हीच गत झाली. २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ वर जुना कोड बहुतेकदा तसाच चालेना. एकदाच भाषांतर करून टाका, म्हणून एक साधन दिलं गेलं. पण ज्यांच्या लायब्ररीवर इतरांचं काम उभं होतं, त्यांना जुने वापरणारे सोडता येईनात. त्यांनी दोन्हींवर चालेल असा कोड लिहिला. त्यासाठी 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी कामी आली. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने तर काढून टाकलेली एक जुनी खूण परत घेतली, केवळ हे काम सोपं व्हावं म्हणून. जुन्या पायथनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

दोन्हींवर चालणारा कोडही बोजड दिसतो, त्या इंजिनांसारखाच. पण ती अकरा वर्षं त्यानेच काढली.