तरवडाची साल

मुरमाड माळावर, रस्त्याच्या कडेला, पिवळ्या फुलांचे तरवडाचे झुडूप आपल्याकडे कुठेही दिसते. कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही. पण एकोणिसाव्या शतकात या झुडपाच्या सालीने कमावलेली कातडी लंडनच्या ग्रंथालयांत जाऊन बसली, आणि १९०१ साली तिथे या सालीवर चक्क ठपका ठेवण्यात आला. कातड्यावरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'टर्वर' असे नाव सापडते. तो आपला मराठी तरवडच. तमिळमध्ये त्याला आवारम म्हणतात.

कच्चे कातडे दोन-तीन दिवसांत कुजू लागते. मीठ लावून ते टिकवायचे, चुन्यात भिजवून केस काढायचे, आतले मांस खरवडायचे आणि मग सालीच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचे. याला 'कातडे कमावणे' म्हणतात. दुसऱ्या कोणत्या भाषेत या कामाला इतके चपखल क्रियापद असेल असे मला वाटत नाही. महाराष्ट्रात हे काम ढोर समाजाने केले. बाभळीची साल आणि हिरडा ही त्यांची मुख्य सामग्री. कातड्याचीच पिशवी शिवायची, तीत साल आणि पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची, अशी जुनी रीत होती. विहिरीवरची मोट, पखाल्याची पखाल, भिश्त्याची मसक या सगळ्या वस्तू याच विद्येच्या. यंत्राचा पंप येईपर्यंत दख्खनच्या शेतीची तहान कातड्यानेच भागवली.

आपल्या फिक्हच्या किताबांत तहारतच्या प्रकरणात दबागतीचा मसला येतो. कमावल्याने कातडे पाक होते, ही गोष्ट बहुतेक इमामांनी मान्य केली. अरबी मुलुखात 'दब्बाग' हे अभिमानाने लावायचे आडनाव आहे. कातडे असे पाक ठरले, पण ते कमावणारा माणूस आपल्या देशात गावाबाहेरच राहिला. याचा सगळा दोष शेजाऱ्याच्या धर्मावर टाकून मोकळे होता येणार नाही. खाटीक, पखाली यांच्या घरी सोयरीक करताना नाक मुरडणारे आपल्यातही कमी नाहीत. आपण काही धुतल्या तांदळासारखे नाही.

इस्लामी जगात कातड्याची खरी परीक्षा जिल्दसाजीत होत असे. अकराव्या शतकातल्या इब्न बादीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात शाई, कागद यांच्याबरोबर जिल्दसाजीवरही एक प्रकरण आहे. मुसहफच्या जिल्दीला बकरीचे कातडे पसंत केले जाई. ते पातळ असून चिवट असते आणि घडीवर सहसा फाटत नाही. युरोपने हे कातडे उत्तर आफ्रिका आणि तुर्कस्तानकडून घेतले, म्हणून तिथे त्याचे नाव 'मोरोक्को' पडले. ते सुमाकच्या पानांनी कमावलेले असे. 'सुमाक' हा शब्दही अरबीतूनच गेलेला.

मागणी वाढली तसा व्यापाऱ्यांनी स्वस्त माल शोधला. तो मद्रास इलाख्यातून मिळाला. आंबूर, वानियंबाडी या भागात तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांचे कारखाने होते. बकरी-मेंढीची कातडी आधी तरवडाच्या सालीत कमावायची, मग रंग उजळावा म्हणून हिरड्याच्या पाण्यातून काढायची आणि अर्धवट तयार अवस्थेत लंडनला पाठवायची. तिथे तिला नाव मिळाले 'पर्शियन', जरी इराणशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

मग ग्रंथपालांची ओरड सुरू झाली. दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या जिल्दी शाबूत होत्या आणि नव्यांचा तांबडा भुगा हाताला लागत होता. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ मध्ये आला. १८३०च्या सुमारास दर्जा घसरू लागला आणि १८६० नंतरच्या बहुतेक जिल्दी अगदीच कुचकामी, असा निष्कर्ष निघाला. तरवडासारख्या सालींनी कमावलेली कातडी ग्रंथांसाठी निकृष्ट ठरली, सुमाकची उत्तम.

हा निकाल खोटा नव्हता. तरवडाच्या जातीचे टॅनिन हवेतले गंधकाचे वायू ओढून घेते, त्यांचे आम्ल बनते आणि ते कातडे आतून खाते. पण ते वायू आले कुठून? लंडनच्या दगडी कोळशातून आणि ग्रंथालयांतल्या गॅसच्या दिव्यांतून. शिवाय रंग खुलावा म्हणून रंगारी गंधकाम्ल वापरत, कातडे कागदासारखे पातळ तासत, आणि मेंढीच्या कातड्यावर बकरीचे दाणे छापून ते महाग विकत. समितीने हे दोषही नोंदवले. तरी बाजारात बदनाम झाला तो हिंदुस्थानी माल. पुढे पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी मद्रासचे हेच कमावलेले कातडे ब्रिटिश सरकारने घाऊक विकत घेतले, तेव्हा तरवडाची तक्रार कोणाला आठवली नाही!

१८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झने अमेरिकेत क्रोमची पद्धत पेटंट केली आणि आठवड्यांचे काम एका दिवसावर आले. आज पाकिटे, पट्टे बहुतेक क्रोमच्याच चामड्याचे असतात. पाकिटाची कापलेली कड निळसर-राखी दिसली तर ते क्रोमचे, आतपर्यंत तपकिरी असेल तर बहुधा सालीचे. दाणे सगळीकडे अगदी सारखे आणि ठरावीक अंतरावर तसेच्या तसे दिसले तर ते छापलेले समजावेत. बोटाने दाबल्यावर बारीक नैसर्गिक सुरकुत्या पडल्या पाहिजेत. 'अस्सल लेदर' या शिक्क्यावर फार विसंबू नये. कातड्याचा खालचा कमकुवत थर प्लास्टिकचा मुलामा देऊनही त्याच नावाने विकता येतो.

धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिरुनेलवेलीकडच्या मुसलमानांनी कातडी कमावण्याचा धंदा उभा केला. आता तिथे कमावणे जवळजवळ संपले आहे. बाहेरून आलेल्या चामड्याच्या बॅगा-पाकिटे मात्र शिवली जातात, आणि शिवणाऱ्यांत सगळ्या जातिधर्मांचे हात आहेत. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्याचा फटका या गल्ल्यांना बसला आणि कोल्हापुरी चपला करणाऱ्या घरांनाही. हे घाव पुस्तकांच्या जिल्दींसारखे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यावर समिती बसत नाही.

आपल्या घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे कुराण शरीफ, किताबे, बटवे असतात. त्यांच्या कातड्याचा तांबडा भुगा झडू लागला असेल तर तेल लावू नये. मेलेले कातडे तेलाने जिवंत होत नाही, उलट काळे आणि कडक पडते. कातडे धड असेल तर नावापुरते एरंडेल फडक्याला लावून पुसावे, बाटली ओतू नये. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी आली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी आणि सावलीत वारा द्यावा. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवल्यास कातडे आखडते. प्लास्टिकच्या पिशवीत तर कधीच बांधू नये, आत ओल कोंडते. आपल्या आज्यांनी शिवलेले सुती जुजदान या कामी उत्तम. त्यातून हवा खेळते, उजेड आणि धूळ बाहेर राहते. वर्षातून दोन-तीनदा ते धुऊन, कडकडीत वाळवून मगच पुन्हा चढवावे.