स्ट्रीट फायटर (१९९४ चित्रपट)

स्ट्रीट फायटर हा २३ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला इंग्रजी मारधाडपट आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या याच नावाच्या व्हिडिओ गेम मालिकेवर तो आधारलेला असून त्याचे लेखन व दिग्दर्शन स्टीव्हन डी सूझा यांनी केले. जाँ-क्लॉद व्हॅन डॅम यांनी कर्नल गाइलची, तर राउल हुलिया यांनी हुकूमशहा एम. बायसनची भूमिका केली आहे. हुलिया यांचा चित्रपटगृहांत झळकलेला हा अखेरचा चित्रपट असून तो त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी प्रदर्शित झाला.

मूळ खेळ

मालिकेतील पहिला खेळ १९८७ मध्ये आला. पण जगभर नाव झाले ते १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ चे. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवर दोन खेळाडू आमनेसामने उभे राहतात आणि प्रत्येकाने निवडलेला योद्धा दुसऱ्याशी लढतो, एवढेच त्याचे स्वरूप. निवडीसाठी आठ योद्धे होते आणि त्यांच्या पलीकडे चार प्रमुख प्रतिस्पर्धी. १९९३ च्या आवृत्तीत आणखी चार योद्ध्यांची भर पडून संख्या सोळा झाली. प्रत्येकाला देश, पोशाख आणि खास डावपेच होते. कथा मात्र खेळ जिंकल्यावर पडद्यावर उमटणाऱ्या काही ओळींपुरतीच होती. जगभरच्या योद्ध्यांची स्पर्धा हाच काय तो या साऱ्यांना जोडणारा धागा.

नावांच्या बाबतीतही एक गुंता होता. जपानी आवृत्तीत बायसन हे नाव मुष्टियोद्ध्याचे आहे. मुष्टियोद्धा माइक टायसन यांच्याशी असलेले साम्य कायदेशीर अडचणीचे ठरेल, या भीतीने परदेशी आवृत्तीत तीन पात्रांची नावे आपसांत बदलण्यात आली आणि बायसन हे नाव हुकूमशहाकडे गेले. चित्रपटाने ही परदेशी नावेच वापरली.

रूपांतर

डाय हार्ड आणि कमांडो या चित्रपटांच्या पटकथालेखनात सहभागी असलेल्या डी सूझा यांनी स्पर्धेची कल्पनाच वगळली आणि युद्धपटाचा साचा घेतला. शॅडालू या आग्नेय आशियातील काल्पनिक देशात यादवी माजली आहे. बायसनने ६३ मदत कर्मचाऱ्यांना ओलीस धरले असून तीन दिवसांत २० अब्ज डॉलरची खंडणी मागितली आहे. संयुक्त राष्ट्रांची आठवण करून देणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फौजेचा अधिकारी गाइल त्याच्या तळावर चाल करून जातो. खेळातील मध्यवर्ती जोडी, रियू आणि केन, येथे किरकोळ फसवणुकीवर जगणारे भामटे होतात. पोलीस अधिकारी असलेली चुन-ली (मिंग-ना वेन) दूरचित्रवाणीची वार्ताहर बनते.

सोळांपैकी फे लाँग वगळता उरलेली सर्व, म्हणजे पंधरा पात्रे या १०२ मिनिटांच्या चित्रपटात आहेत. चित्रपटाचे बहुतेक दोष या गर्दीतूनच आले आहेत. प्रत्येकाची ओळख करून देण्यातच वेळ सरतो आणि खेळाचा प्राण असलेली दोघांमधील लढत मागे पडते. पिंजऱ्यातील रियू आणि व्हेगा यांची झुंज हा खेळाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रसंग; पण ती जुंपण्याच्या बेतात असतानाच गाइलचे लष्करी वाहन भिंत फोडून आत शिरते.

भारतीय योगी धालसिम याच्या रूपातील बदल सर्वांत मोठा आहे. खेळात त्याचे हातपाय लांबतात आणि तो तोंडातून आग ओकतो. चित्रपटात तो बायसनच्या कैदेतील शास्त्रज्ञ आहे. गाइलचा मित्र कार्लोस याला क्रूर सैनिक बनविण्यासाठी हिंसक दृश्ये दाखविण्याचे काम त्याच्यावर लादले जाते. तो गुपचूप त्यांच्या जागी शांततेची दृश्ये घालतो. ही भूमिका करणारे रोशन सेठ यांनी गांधी (१९८२) या चित्रपटात आणि दूरदर्शनच्या भारत एक खोज या मालिकेत जवाहरलाल नेहरूंची भूमिका केली होती. चित्रपटातील थोड्या गंभीर प्रसंगांपैकी बरेचसे त्यांच्या वाट्याला आले आहेत. ब्लँका आणि गाइलचा मित्र चार्ली ही खेळातील दोन निरनिराळी पात्रे चित्रपटात कार्लोसच्या रूपाने एकच झाली आहेत.

चित्रीकरण आणि राउल हुलिया

चित्रीकरण थायलंड आणि ऑस्ट्रेलियात झाले. सुमारे साडेतीन कोटी डॉलरच्या खर्चात कॅपकॉमचाही वाटा होता. मानधनाची मोठी रक्कम व्हॅन डॅम आणि हुलिया या दोघांवरच खर्ची पडल्याने बाकीच्या बऱ्याच भूमिका त्या वेळी फारसे नाव नसलेल्या नटांकडे गेल्या. ऑस्ट्रेलियन गायिका कायली मिनोग यांनी कॅमीची भूमिका केली.

प्वेर्तो रिकोत जन्मलेले हुलिया न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर शेक्सपिअरच्या नाटकांसाठी ओळखले जात. ॲडम्स फॅमिली या चित्रपटातील गोमेझमुळे ते घरोघरी पोहोचले. आपल्या मुलांना हा खेळ आवडतो म्हणून त्यांनी ही भूमिका पत्करली. त्यांना पोटाचा कर्करोग झाला होता. आधीच्या बेताप्रमाणे त्यांची दृश्ये आरंभी चित्रित व्हायची होती आणि तेवढ्या अवधीत इतर नट मारामारीचे शिक्षण घेणार होते. हुलिया अतिशय कृश होऊन आल्याचे दिसताच हा क्रम उलटविण्यात आला. त्यांना सावरायला वेळ मिळाला. मात्र इतरांना पुरेशा तयारीविना लढतीच्या दृश्यांत उतरावे लागले. लढती कच्च्या वाटतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

त्यांच्या अभिनयात मात्र आजाराची छाया नाही. चुन-ली आपल्या वडिलांच्या हत्येचा जाब विचारते, तेव्हा तिच्या आयुष्यातील तो सर्वांत महत्त्वाचा दिवस आपल्या लेखी निव्वळ एक मंगळवार होता, असे बायसन थंडपणे सांगतो. या संवादाची आजही वारंवार आठवण काढली जाते. २४ ऑक्टोबर १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी हुलिया यांचे निधन झाले. चित्रपट त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला असून या भूमिकेसाठी त्यांना सॅटर्न पुरस्काराचे मरणोत्तर नामांकन मिळाले.

प्रतिसाद

समीक्षकांनी चित्रपटावर टीकेची झोड उठवली. हुलिया यांचे काम तेवढे वाखाणले गेले. तरीही जगभरातील उत्पन्न सुमारे ९.९ कोटी डॉलर झाले, म्हणजे खर्चाच्या जवळपास तिप्पट. खेळाच्या चाहत्यांची नाराजी निराळी होती. त्याच वर्षी जपानमध्ये आलेल्या ॲनिमेशनपटाने लढतींना आणि रियूला मध्यवर्ती स्थान दिले होते, त्यामुळे तुलना अटळ होती. पुढच्या वर्षीच्या मॉर्टल कॉम्बॅट या चित्रपटाने स्पर्धेचा सांगाडा कायम ठेवला आणि तो चाहत्यांना अधिक भावला.

१९९५ मध्ये या चित्रपटावरूनच एक व्हिडिओ गेम निघाला. त्यात नटांच्या छायाचित्रणातून पात्रे तयार केली होती. अशा रीतीने खेळाचा चित्रपट आणि चित्रपटाचा पुन्हा खेळ झाला. चुन-लीवर केंद्रित असलेला २००९ चा दुसरा इंग्रजी चित्रपट व्यावसायिकदृष्ट्या सपशेल पडला. त्यानंतरच्या नव्या चित्रपटात धालसिमच्या भूमिकेसाठी विद्युत जामवाल यांची निवड झाल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.