नकाशा आणि क्रमवारी : कॅनडाच्या कर्लिंग अजिंक्यपदाचा जुना पेच

‘राष्ट्रीय अजिंक्यपद’ या शब्दप्रयोगातच एक संदिग्धता दडलेली आहे. राष्ट्रातील सर्वोत्तम संघ शोधून काढणे हे त्या स्पर्धेचे काम, की राष्ट्राच्या सर्व भागांना एका ठिकाणी आणून खेळवणे? बहुतेक खेळांत हा प्रश्न झाकलेला राहतो. कॅनडातील कर्लिंगने मात्र तो जवळजवळ शंभर वर्षे उघडपणे वागवला आहे. पात्रतेची न्याय्य पद्धत कोणती, याविषयी विचार करणाऱ्याला हा इतिहास बरेच काही शिकवतो, असे आम्हांला वाटते.

कर्लिंग हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. चौघांचा संघ ग्रॅनाइटचे जड, गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवत दूरच्या वर्तुळाकडे पाठवतो. पुढे धावणारे सहकारी झाडूने बर्फ घासून दगडाची गती आणि वळण सांभाळतात. स्कॉटिश वसाहतकारांबरोबर तो कॅनडात आला आणि तिथल्या लांबलचक हिवाळ्यात लहानलहान गावांच्या क्लबांतून रुजला. गावातला कोणताही संघ खालच्या फेरीपासून जिंकत जिंकत थेट राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचू शकतो, हे या खेळाने आपल्या माणसांना दिलेले आश्वासन होते.

पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९२७ साली टोरांटोच्या ग्रॅनाइट क्लबात सुरू झाली. मॅकडॉनल्ड टोबॅको ही तंबाखूची कंपनी पुरस्कर्ती होती आणि तिच्याच एका तंबाखूच्या नावावरून स्पर्धेला ‘ब्रायर’ हे नाव मिळाले. पहिल्या वर्षी आठ संघ होते. त्यांची वाटणी पाहण्याजोगी आहे. ऑन्टारियो, उत्तर ऑन्टारियो आणि टोरांटो शहर असे तीन. क्वेबेक आणि मॉन्ट्रियल शहर असे दोन. नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक यांचा प्रत्येकी एक. आणि प्रेअरीपासून पुढच्या अफाट प्रदेशाला ‘पश्चिम कॅनडा’ या नावाने मिळून एक. म्हणजे आठांपैकी पाच जागा दोन प्रांतांकडे. नोव्हा स्कोशियाने ती स्पर्धा जिंकली. दुसऱ्या वर्षी मॅनिटोबा, सस्कॅचवन आणि अल्बर्टा यांना स्वतंत्र प्रवेश मिळाला, आणि १९२८ ते १९३२ अशी सलग पाच वर्षे अजिंक्यपद मॅनिटोबाकडे राहिले! पहिल्या नकाशाने खेळाचा भूगोल दाखवला नव्हता, हे मैदानानेच सिद्ध केले.

पुढे शहरांचे स्वतंत्र संघ गेले. १९३६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड आले, १९५१ मध्ये न्यूफाउंडलंड, आणि १९७५ पासून उत्तरेकडील प्रदेशांचा एक संयुक्त संघ. उत्तर ऑन्टारियोची वेगळी जागा मात्र टिकली. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे एकाच राज्याचे तीन संघ रणजी करंडकात पाहणाऱ्या मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. खेळाच्या संघटनांच्या सीमा राज्यकारभाराच्या सीमांशी जुळतातच असे नाही.

अशा रीतीने नकाशा भरत गेला. पण त्याच्यातला अन्याय हळूहळू उघड झाला. मॅनिटोबा किंवा अल्बर्टामध्ये देशातले अनेक बलाढ्य संघ असत आणि त्यांतला एकच पुढे जाई. लहान प्रांतातला संघ त्या मानाने सोपी वाट चालून त्याच पंक्तीला बसे. २०१५ साली यावर एक उपाय योजला गेला. मागील कामगिरीत तळाशी राहिलेल्यांनी मुख्य स्पर्धेपूर्वी आपसांत खेळावे आणि त्यांतील एकालाच प्रवेश मिळावा, असा. त्या वर्षी कॅल्गरीत नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि युकॉन हे तिघे एका जागेसाठी झगडले. प्रिन्स एडवर्ड आयलंड आत गेले. पहिली ब्रायर जिंकणारा नोव्हा स्कोशिया दाराबाहेर राहिला. आपला प्रांत जिंकून आलेले खेळाडू स्पर्धेच्या गावी पोहोचले, आणि मुख्य स्पर्धा सुरू होताना त्यांचा खेळ संपलेला होता. गुणवत्तेच्या हिशेबात हे बसत असेलही; दिलेल्या आश्वासनात ते बसत नव्हते.

२०१८ पासून ही चाळणी फेरी रद्द झाली आणि संघांची संख्या सोळा करण्यात आली. दहा प्रांत, उत्तर ऑन्टारियो आणि तीन प्रदेश मिळून चौदा. गतविजेता ‘टीम कॅनडा’. आणि सोळावा ‘वाइल्ड कार्ड’. राष्ट्रीय क्रमवारीत वर असूनही प्रांतात हरलेल्या संघांसाठी ही जागा होती. त्याच वर्षी महिलांच्या स्पर्धेत अंतिम सामना मॅनिटोबाच्या जेनिफर जोन्स आणि वाइल्ड कार्डवर आलेल्या केरी आयनार्सन यांच्यात झाला. दोन्ही संघ मॅनिटोबाचेच. जुन्या पद्धतीत यांतला एक संघ घरी बसला असता. २०२२ मध्ये तर ब्रॅड गुशू यांच्या संघाने वाइल्ड कार्डवर येऊन ब्रायरच जिंकली. २०२४ पासून वाइल्ड कार्डच्या जागी, क्रमवारीतील काही संघांना प्रांतीय स्पर्धा न खेळताच प्रवेश देण्याची पद्धत आली.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. नकाशा पक्षपाती आणि क्रमवारी तटस्थ, असे मानण्याकडे आजचा कल आहे. पण क्रमवारीचे गुण मिळतात ते गावोगावच्या स्पर्धा खेळून. त्यासाठी प्रवास लागतो, रजा लागते, पुरस्कर्ता लागतो. नुनावुतची राजधानी इकालुइट उर्वरित कॅनडाशी रस्त्याने जोडलेलीच नाही. तिथल्या संघाला प्रत्येक गुणाआधी विमानाचे तिकीट काढावे लागते. शिवाय मोठ्या स्पर्धांचे दार क्रमवारीनेच उघडते, आणि मोठे गुण त्या दाराआडच असतात. क्रमवारी हाही अखेर एक नकाशाच आहे. पैशाचा आणि अंतरांचा.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. बलाढ्य संघांना प्रांतीय फेरी माफ झाली, की तिथले विजेतेपद इतरांना सोपे होते खरे. पण जगज्जेत्याला आपल्याच जिल्ह्यातल्या बर्फावर एखाद्या संध्याकाळी हरवण्याची संधीही त्यांच्या हातून जाते. शिक्षक, शेतकरी, दुकानदार अशा चौघांना वर्षभर सरावाला आणणारी गोष्ट तीच असते.

म्हणून न्याय्य पद्धत म्हणजे एखादे सूत्र, असे आम्ही मानत नाही. प्रत्येक भूभागाला एक जागा बिनशर्त असावी, कारण ते राष्ट्राने दिलेले वचन आहे. क्रमवारीसाठी जागा असाव्यात, पण मोजक्या. आणि शक्यतो प्रांतात खेळून हरलेल्यांसाठी, खेळणेच टाळणाऱ्यांसाठी नव्हे. २०१८ ची व्यवस्था या कसोटीला सर्वांत जवळ आली होती. तिच्यात सर्वोत्तम संघाला दुसरे दार मिळाले, आणि त्यासाठी कोणाचेही पहिले दार बंद करावे लागले नाही.