‘डू’ची कुळकथा

‘व्हॉट डू यू डू?’ या साध्या इंग्रजी प्रश्नापाशी पोर्तुगीज भाषक हमखास अडखळतो. त्याच्या भाषेत हाच प्रश्न ‘ओ कि वोसे फास?’ असा विचारतात. ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद त्यात एकदाच येतं. इंग्रजीत ते दोनदा येतं. दुसरं ‘डू’ मुख्य क्रियापद आहे, ते कामधंद्याविषयी विचारतं. पहिल्याला स्वतःचा अर्थ उरलेला नाही. ते सहायक आहे, केवळ प्रश्न घडवतं. एका शब्दाच्या या दोन वाटा कशा झाल्या, यातच इंग्रजी क्रियापदांच्या दोन जाती ओळखण्याची किल्ली आहे.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत प्रश्नासाठी ‘डू’ लागत नसे. कोणतंही क्रियापद कर्त्याच्या आधी आणलं की प्रश्न तयार होई. मध्ययुगात ‘डू’ प्रयोजक म्हणूनही वापरात होतं. राजाने किल्ला बांधवला, हे सांगताना ‘बांधणे’ला ‘डू’ जोडत. पण राजाने किल्ला बांधला म्हटलं काय आणि बांधवला म्हटलं काय, ऐकणारा एकच समजतो. अशा वाक्यांतून ‘डू’चा करवण्याचा अर्थ झिजत गेला, असं स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगोर्ड यांनी १९५३च्या ग्रंथात मांडलं. अर्थ हरवलेल्या ‘डू’चे आरंभीचे दाखले तेराव्या शतकातल्या, नैऋत्य इंग्लंडच्या पद्यात सापडतात. शेजारच्या वेल्श आणि कॉर्निश भाषांतही ‘करणे’ला दुसरं क्रियापद जोडण्याची रीत आहे, म्हणून काही अभ्यासक त्याचं मूळ तिकडे शोधतात.

सोळाव्या शतकात हे ‘डू’ फोफावलं. साध्या होकारार्थी विधानांतही ते येऊ लागलं. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’सह आणि ‘डू’विना, दोन्ही घडणी शेजारी शेजारी दिसतात. पुढे साध्या विधानांतून ते ओसरलं. १७५५मध्ये सॅम्युअल जॉन्सनने आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात अशा वापराला सदोष ठरवलं. प्रश्न आणि नकार यांत मात्र ते रुजलं. नामांचे विभक्तिप्रत्यय गळाल्याने कर्ता कोण आणि कर्म कोण, हे इंग्रजीत शब्दांच्या क्रमावरूनच कळू लागलं होतं. ‘डू’ पुढे आलं की कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम शाबूत राहतो.

त्यानंतर कर्त्याच्या पुढे जाण्याचा आणि ‘नॉट’ थेट स्वीकारण्याचा जुना हक्क मोजक्या क्रियापदांकडे राहिला: ‘बी’, ‘हॅव’, ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’, ‘शॅल’ आणि त्यांचे भाऊबंद. ‘कॅन’ म्हणजे एके काळी ‘जाणणे’, ‘विल’ म्हणजे ‘इच्छिणे’. तीही मूळची मुख्य क्रियापदंच.

पोर्तुगीजमध्ये ही फाळणी झालीच नाही. तिथेही ‘तेर’ आणि ‘इश्तार’ अशी सहायक क्रियापदं आहेत, पण त्यांना वेगळे हक्क नाहीत. नकारार्थी शब्द कोणत्याही क्रियापदाआधी येतो, प्रश्न नुसत्या स्वराने विचारता येतो. ‘इंग्रजी बोलता?’ याला उत्तर ‘फालू’, म्हणजे ‘बोलतो’. आपणही ‘येतोस का?’ याला ‘येतो’ असंच म्हणतो. इंग्रज मात्र ‘यस, आय डू’ म्हणतो, मुख्य क्रियापद गाळून सहायकच ठेवतो. ‘शकणे’ या अर्थाचं पोर्तुगीज ‘पोदेर’ इतर क्रियापदांसारखंच सर्व रूपांत चालतं, म्हणून शिकणारा ‘ही कॅन्स’ म्हणून जातो. त्याच्या चुकीमागे त्याच्या भाषेचा नियम उभा असतो.

सहायक आणि मुख्य क्रियापद ओळखायला कसोटी अर्थाची नव्हे, वागणुकीची लावावी. क्रियापद स्वतः कर्त्याच्या पुढे जातं का? ‘नॉट’ला थेट जोडून घेतं का? ‘हॅव यू ईटन?’मधलं ‘हॅव’ पुढे जातं, म्हणून सहायक. ‘डू यू हॅव अ पेन?’मधल्या ‘हॅव’ला ‘डू’ची मदत लागते, म्हणून मुख्य. एक अपवाद मात्र लक्षात ठेवायलाच हवा: ‘शी इज अ डॉक्टर’ यात ‘बी’ एकटंच क्रियापद असूनही ‘इज शी?’ असं पुढे जातं, कारण जुना हक्क त्याने कधीच सोडला नाही.

इंग्रजीच्या शिक्षकांनी नियमासोबत ही कुळकथाही वर्गात सांगावी. प्रश्नात ‘डू’ विसरणाऱ्या विद्यार्थ्याला तेव्हा कळेल, की त्याला जड जाणारा हा नियम इंग्रजांनाही घडवायला काही शतकं लागली.