गाडी शिकवणाऱ्याची पात्रता कोण ठरवते?

बेलपाडा (पनवेल) : नवी मुंबई मेट्रोचा पहिला मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला आणि बेलपाडा हे गावाचे नाव स्थानकाच्या फलकावर झळकले. मेट्रो आली म्हणून खारघर परिसरात मोटार शिकणाऱ्यांची संख्या कमी झाली, असे मात्र दिसत नाही. सिडकोने आखलेले रुंद रस्ते, उत्सव चौकाचे भलेमोठे वर्तुळ, टेकडीच्या बाजूचे चढ-उतार आणि हाकेच्या अंतरावरून धावणारा शीव-पनवेल महामार्ग यामुळे हा परिसर नवशिक्यांना सोयीचा वाटतो. सकाळच्या वेळी लाल ‘एल’ लावलेल्या गाड्या येथे सहज नजरेस पडतात. चालकाच्या आसनावर बसलेल्या विद्यार्थ्याकडे सर्वांचेच लक्ष जाते. त्याच्या डावीकडे, पायाखाली ब्रेक आणि क्लच घेऊन बसलेला प्रशिक्षक कोण असतो, तो त्या जागी कोणत्या पात्रतेवर बसतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ ते ३१ यांत आहे. येथे प्रथम एक फरक ध्यानात घ्यायला हवा. वडिलांनी मुलाला किंवा बहिणीने भावाला गाडी शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. शिकणाऱ्याकडे शिकाऊ परवाना हवा, गाडीच्या पुढे-मागे ‘एल’ हवा आणि शेजारी बसणाऱ्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना हवा. शिवाय वाहन आवरता किंवा थांबवता येईल अशा ठिकाणी त्याने बसलेले असले पाहिजे. (दुचाकीला शेजारी बसण्याची अट अर्थातच लागू होत नाही.) पण हेच काम मोबदला घेऊन करायचे ठरवले, की नियम २४ नुसार नमुना ११ मधील स्वतंत्र परवाना आवश्यक ठरतो. हा परवाना शाळेला मिळतो, प्रशिक्षकाला नव्हे. आपल्या व्यवस्थेचे सारे बळ आणि साऱ्या उणिवा या एका गोष्टीतून उगम पावतात.

नियमात बसणारा प्रशिक्षक

शाळा चालवणारा स्वतः किंवा त्याने नेमलेला शिकवणारा किमान दहावी उत्तीर्ण असला पाहिजे. त्याला वाहन चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव हवा. मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, हे लक्षात घेता साधारण तेविशीच्या आत कोणी या व्यवसायात रीतसर येऊ शकत नाही. अनुभवाच्या जोडीला मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र किंवा यंत्र अभियांत्रिकीतील त्याहून वरची पात्रता लागते. हे प्रमाणपत्र केंद्र वा राज्य शासनाच्या संस्थेचे अथवा राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेचे असावे लागते. वाहतुकीच्या चिन्हांचे व नियमांचे सखोल ज्ञान, गाडीच्या भागांचे कार्य प्रत्यक्ष दाखवून समजावून सांगण्याची क्षमता आणि इंग्रजीचे किंवा त्या प्रदेशाच्या भाषेचे पुरेसे ज्ञान, या उरलेल्या अटी.

इच्छुकांची गाडी बहुधा अडते ती मेकॅनिकच्या प्रमाणपत्रापाशी. वीस वर्षे टेम्पो वा टॅक्सी चालवलेला, अंगावर एकही अपघात नसलेला चालक या एका कागदाअभावी अपात्र ठरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ज्याच्यावर घर चालते अशा माणसाला तेवढा काळ कमाई सोडून वर्गात बसणे परवडत नाही. उलट, प्रमाणपत्र हाती असलेल्या पण माणसांना शिकवण्याची कसलीही सवय नसलेल्या तरुणाला नियम अडवत नाहीत. व्यावसायिक वाहनचालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णची अट केंद्राने २०१९ मध्ये काढून टाकली. प्रशिक्षकाची दहावीची अट मात्र कायम आहे.

ही पात्रता घडली त्या काळाचा ठसा तिच्यावर स्पष्ट आहे. १९८९ मध्ये गाडी रस्त्यात बंद पडणे नित्याचे होते आणि चालकाला अर्धा मेकॅनिक असावेच लागे. म्हणूनच शाळेत फळा, वाहतूक चिन्हांचे तक्ते, रस्त्याचा नमुना-पट यांच्याबरोबर इंजिन, गिअर बॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम, पाने, जॅक, हवेचा दाब मोजण्याचे साधन आणि पंक्चर काढण्याचा संच ठेवणे आवश्यक केले गेले. प्रथमोपचार पेटी आणि पुस्तकांचा संग्रहही हवा. शिकवण्याचे प्रत्येक वाहन, मोटारसायकल वगळता, दुहेरी नियंत्रणाचे असले पाहिजे आणि ते फक्त शिकवण्यासाठीच वापरले गेले पाहिजे. शाळेच्या परवान्याची मुदत ५ वर्षांची. डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने परवाना देण्याचे व नूतनीकरणाचे शुल्क १०,००० रुपये करण्यात आले. बेलपाडा-खारघर परिसरातील अर्जदाराला त्यासाठी पनवेलच्या परिवहन कार्यालयाकडे, म्हणजे ‘एमएच ४६’ क्रमांक देणाऱ्या कार्यालयाकडे, नमुना १२ मध्ये अर्ज करावा लागतो.

परीक्षा कोणाचीच नाही

एवढ्या सगळ्या अटींत एक गोष्ट कोठेही आढळत नाही. प्रशिक्षक विद्यार्थ्याला प्रत्यक्षात कसे शिकवतो, याची परीक्षा. घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे, ब्रेक आपण कधी दाबावा आणि विद्यार्थ्याला कधी दाबू द्यावा, झालेली चूक लगेच सांगावी की चौक ओलांडल्यावर, या कौशल्यांना नियमांत ना गुण आहेत ना प्रमाणपत्र. बहुतेक जण ते दुसऱ्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, मागच्या आसनावर बसून शिकतात. हे शिक्षण चांगले की वाईट, ते सर्वस्वी शिकवणाऱ्यावर अवलंबून राहते.

ब्रिटनमध्ये १९७० पासून मोबदला घेऊन मोटार शिकवणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि ती व्यक्तीची होते. उमेदवार किमान २१ वर्षांचा असावा लागतो. त्याची परीक्षा तीन टप्प्यांत होते : लेखी ज्ञान व धोका ओळखण्याची चाचणी, मग स्वतःचे वाहन चालवण्याची चाचणी आणि शेवटी शिकवण्याच्या क्षमतेची. डिसेंबर २०१७ पासून या अखेरच्या टप्प्यात परीक्षक मागे बसून खऱ्या विद्यार्थ्याचा खरा तास पाहतो. नोंदणीनंतरही प्रशिक्षकाचा तास पुन्हा तपासला जातो.

गंमत अशी, की आपल्या नियम ३१ मधील अभ्यासक्रमात ‘आधी आरसा, मग इशारा, मग हालचाल’ ही ब्रिटिश प्रशिक्षकांच्या तोंडी रुळलेली त्रिसूत्री जशीच्या तशी आहे. आरशात न दिसणारे कोपरे, तीन टप्प्यांत गाडी वळवणे, चढावर व उतारावर गाडी उभी करणे, इतर वाटसरूंशी सौजन्याने वागणे, हे सारे त्यात आहे. अभ्यासक्रम उत्तम आहे. तो शिकवणाऱ्याचा तास पाहण्याची पद्धत तेवढी आपण घेतली नाही.

दहा तासांचा हिशेब

खासगी मोटारीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवणे किमान १० तासांचे असावे, असे नियम ३१ सांगतो. व्यावसायिक वाहनांसाठी हे प्रमाण ३० दिवस व १५ तास आहे. रोज अर्धा तास धरला, तर २१ दिवसांत साडेदहा तास भरतात. म्हणजे नियमातले आकडे एकमेकांशी जुळणारे आहेत. बाजारात मात्र ‘१५ दिवस, परवान्यासह’ अशा जाहिराती दिसतात. पंधरा दिवस रोज पंधरा मिनिटे म्हणजे पावणेचार तास. एवढ्या वेळात क्लच सोडणे कसेबसे जमते; शीव-पनवेल महामार्गावर मार्गिका बदलणे जमत नाही. आणि परवाना मिळवून देण्याची हमी देऊन विद्यार्थ्याची दिशाभूल करणे हा शाळेच्या परवान्यातील अटींचा थेट भंग आहे. तशा कारणासाठी परवाना निलंबित वा रद्द करता येतो.

दुसरी पळवाट माणसांची. पात्र प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र अर्जाला जोडायचे आणि गाडीत दुसऱ्यालाच बसवायचे, असे करणे अवघड नाही, कारण तपासणी कागदांची होते. तिची झळ विद्यार्थ्याला जशी बसते, तशीच रीतसर शिकून आलेल्या प्रशिक्षकालाही बसते. त्याच्या पात्रतेला बाजारात वेगळा भाव उरत नाही. महिला प्रशिक्षकांना शहरी भागात मागणी असूनही त्या कमी दिसतात. मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाकडे मुली फारशा वळत नाहीत, हे त्यामागचे एक कारण मानता येईल.

नवी केंद्रे, नवी पात्रता

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये अधिमान्य चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम काढले. ते १ जुलै २०२१ पासून लागू झाले. त्यांत हलक्या वाहनांच्या केंद्रासाठी किमान १ एकर आणि अवजड वाहनांसाठी २ एकर जागा, सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी मार्ग सांगितला आहे. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे. येथील प्रशिक्षक बारावी उत्तीर्ण आणि ५ वर्षांच्या अनुभवाचा हवा. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला परिवहन कार्यालयातील वाहन चाचणीतून सूट मिळते. म्हणजे येथे प्रशिक्षकाच्या हाती परीक्षकाचेही अधिकार येतात. खारघरच्या जमिनीचे भाव पाहता गल्लीतील शाळेला एक एकराची अट पेलणारी नाही, हे सांगायला नको.

मे २०२४ मध्ये ‘१ जूनपासून चाचणी खासगी शाळांतच’ अशी बातमी पसरली होती. नियमांत असा कोणताही बदल झालेला नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाने तेव्हा केला. नियम २४ खालील साध्या शाळेचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र चाचणीतून सूट देत नाही, हेही त्यात स्पष्ट केले होते.

शाळा निवडणाऱ्याला पडताळणीसाठी फार खटपट करावी लागत नाही. मूळ परवाना आणि प्रशिक्षकांची नावे शाळेत ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली, याची नोंद नमुना १५ मध्ये ठेवावी लागते. भिंतीवरचे नाव आणि गाडीत शेजारी बसणारा माणूस एकच आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारता येते. नोंदवहीतले तास आपण खरोखर चालवलेल्या तासांशी जुळतात का, हे नमुना ५ हाती घेण्यापूर्वी पाहता येते.